गाडीच्या रंगाचे टवके आणि छोटे पोचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं आदळलेलं दार, गल्लीत घासून गेलेलं दुचाकीचं हँडल. गाडी वापरात असली की या खुणा येणारच. त्यांचं काय करायचं, घरी काय जमतं, गॅरेजला कधी जायचं आणि तिथे कशाला ठाम नकार द्यायचा, हे खालच्या उत्तरांत आहे. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो: गाडीला कंपनीतून आलेला मूळ रंग जितका वाचवता येईल तितका वाचवायचा. बरेचसे सल्ले त्यातूनच आले आहेत.

टवका अगदी तांदळाच्या दाण्याएवढा आहे. काही करायला हवं का?

टवक्याच्या तळाशी काय दिसतं त्यावर ते ठरतं. गाडी धुऊन घ्या, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि शक्य असेल तर भिंगातून बघा. वरचा चकचकीत लॅकर, त्याखाली रंगाचा थर, त्याखाली बहुधा राखाडी किंवा पांढरट प्रायमर आणि सगळ्यात खाली पत्र्याला चिकटलेला ई-कोट (गंज रोखणारा पहिला थर), अशा कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. तळाशी मंद राखाडी थर दिसत असेल तर पत्रा अजून झाकलेला आहे. थोडा वेळ हाताशी आहे, पण महिनोन्‌महिने नाही. तळ धातूसारखा चमकत असेल किंवा कडेला तपकिरी छटा असेल तर पत्रा उघडा पडलाय. तो पावसाळ्यापूर्वी बंद करायलाच हवा.

बोनेटची पुढची कड, पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, टपाची पुढची कड, दारांच्या कडा आणि चाकांमागचा खालचा पत्रा या जागा नेमाने तपासा. चाकामागच्या पत्र्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि पहिला गंज बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मूळ रंगाचं एवढं काय? गॅरेजमध्येही चांगला रंग मारून मिळतो की.

चांगला मिळतो, पण तो कंपनीतला रंग नसतो. कारखान्यात रंग लागतो तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. वायरिंग, सीट, डॅशबोर्ड यातलं काहीच बसवलेलं नसतं. तो अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने ई-कोट चढवतात. त्यामुळे सांधे आणि पोकळ्यांच्या आतही थर पोहोचतो. मग तो भट्टीत साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजतात. वरचे रंग आणि लॅकरही १४० अंशांच्या आसपास भाजले जातात, आणि त्या तापमानाला रंगातले रेणू एकमेकांत घट्ट गुंफले जातात.

तयार गाडी एवढी तापवता येत नाही. प्लॅस्टिक वितळेल, वायरी जातील. म्हणून गॅरेजमध्ये हार्डनर मिसळून घट्ट होणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरतात आणि चांगल्या बूथमध्ये तो ६० अंशांच्या आसपास सुकवतात. हे कामही उत्तम होऊ शकतं, पण ते पत्रा किती स्वच्छ केला, पॉलिश पेपर (घासकागद) कसा मारला, बूथमध्ये धूळ किती होती आणि कारागिराचा हात कसा होता, या सगळ्यावर अवलंबून असतं. दोन-तीन वर्षांत लॅकरचे पापुद्रे सुटलेली बोनेटं रस्त्यावर दिसतात, त्यातली बरीचशी अशी पुन्हा रंगवलेली असतात. तीन टवक्यांसाठी अख्ख्या बोनेटला पेपर मारणं म्हणजे बाकीचा सगळा धडधाकट रंग खरवडून टाकणं.

माझ्या गाडीचा नेमका रंग कसा ओळखायचा?

नावावर जाऊ नका, कोड बघा. पांढऱ्याच्याच कितीतरी छटा असतात. मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६यू, सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस, असे छोटे कोड कंपन्या देतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा बोनेटखालची पट्टी इथे तो बहुधा सापडतो. नाही सापडला तर चॅसिस नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा, ते शोधून देतात.

कोड बरोबर असूनही छटा थोडी वेगळी पडू शकते. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग उतरतो आणि लाल रंगात हे लवकर जाणवतं. म्हणून टच-अपचा पहिला थेंब डिकीच्या आतल्या कडेवर किंवा दाराच्या चौकटीत लावा, सुकू द्या आणि मग उन्हात नेऊन बघा. ओला रंग आणि सुकलेला रंग सारखा दिसत नाही.

घरच्या घरी टच-अप कसं करायचं? अगदी पहिल्यापासून सांगा.

सकाळची किंवा संध्याकाळची वेळ, सावली आणि वारा नसलेली जागा निवडा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग लावताक्षणी सुकतो आणि त्याची गुठळी होते.

आधी गाडी शांपूने धुवा. मग टवक्याभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. जुनं वॅक्स, डांबराचे थेंब, सर्व्हिसवाल्याने मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश, यातलं काहीही राहिलं तर नवा रंग पसरून धरत नाही, मध्येच भोक सोडून बाजूला सरकतो. घरी केलेलं टच-अप फसतं ते नव्वद टक्के वेळा इथेच, असं म्हटलं तरी चालेल.

आता लाकडी टूथपिकने टवक्याची कड हलकेच उचलून बघा. जो पापुद्रा सहज सुटतो तो सुटू द्या. त्याच्यावर रंग लावलात तर तो पुढच्या धुण्यात नव्या रंगासकट निघेल. पत्रा उघडा असेल तर तेवढ्यापुरता प्रायमरचा एक थेंब लावा आणि पूर्ण सुकू द्या. राखाडी थर शाबूत असेल तर प्रायमरची गरज नाही.

रंगाची बाटली दोन-तीन मिनिटं चांगली हलवा. मेटॅलिकमधली चमकी तळाशी बसते आणि न हलवता लावलेला रंग दुसऱ्याच गाडीचा वाटतो. बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरू नका, तो बारीक टवक्यासाठी फार जाड असतो. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टूथपिकचं टोक घ्या. टोकावर अगदी छोटा थेंब घेऊन खड्ड्याच्या मधोमध टेकवा आणि त्याचा तोच कडेपर्यंत पसरू द्या. ब्रश फिरवायचा नाही, थेंब सोडायचा. सुकताना रंगातलं थिनर उडून जातं आणि थर खाली बसतो, म्हणून एका थेंबात खड्डा भरत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने दोन-तीन पातळ थर द्या. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली असताना थांबा, कारण वर लॅकरचे एक-दोन थेंब यायचे आहेत.

इथे थांबलात तरी काम झालं. दोन पावलांवरून टवका दिसत नाही आणि पत्रा झाकला गेला. लॅकरचा उंचवटा हाताला लागतोच म्हणून राहवत नसेल तर निदान एक-दोन दिवस जाऊ द्या. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या छोट्या तुकड्यावर गुंडाळून, फक्त त्या उंचवट्यावर हलके फिरवा. पुढे ३००० नंबर आणि मग रबिंग, म्हणजे बारीक घासक पेस्टने चोळून चमक आणणं. पेपर मारताना निघणारं पाणी दुधाळ दिसलं तर लॅकर निघतोय. पाण्यात गाडीचा रंग उतरायला लागला तर त्याच क्षणी थांबा.

त्यानंतर दोन-तीन आठवडे त्या जागी वॅक्स नको आणि प्रेशरच्या पाण्याचा फवारा जवळून नको.

सिल्व्हर गाडीवर टच-अप केलं, पण ठिपका काळपट दिसतो. कोड तर बरोबर होता.

कोड बरोबरच असणार. फवाऱ्याने रंग मारतात तेव्हा ॲल्युमिनियमची चमकी आडवी, सपाट बसते आणि प्रकाश परत फेकते. थेंबात ती वाटेल तशी उभी-आडवी अडकते, म्हणून ठिपका गडद दिसतो. सिल्व्हर आणि ग्रे रंगांत हे सर्वांत जास्त जाणवतं, साध्या पांढऱ्यात अजिबात नाही. जाड थेंबाऐवजी अगदी पातळ थर दिले तर फरक कमी होतो, पण शून्य होत नाही. तो स्वीकारावा असं आम्ही मनापासून सांगू. गडद ठिपका बोनेटला काही करत नाही, गंज करतो.

टवक्याच्या जागी गंज आलाय. वरून रंग लावला तर दबेल ना?

दबणार नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आतून रंगाला वर ढकलत राहतो. रंगाला आलेले फुगे म्हणजे हेच. टवका जेवढा दिसतो त्यापेक्षा गंज रंगाखाली जास्त पसरलेला असतो.

ठिपक्याएवढा गंज असेल तर टोकदार पातं किंवा पेपरचा गुंडाळलेला कोपरा घेऊन लकाकता धातू दिसेपर्यंत खरवडा. खोलगट जागेत थोडा उरलाच तर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर टूथपिकने लावा. गंजाचं काळपट, स्थिर संयुग होतं. ते आजूबाजूच्या रंगावर सांडू देऊ नका. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, मग प्रायमर आणि पुढचं सगळं वरच्यासारखं. फुगा नाण्याएवढा असेल, किंवा दाराच्या खालच्या शिवणीतून गंज बाहेर येत असेल, तर घरचं काम नाही. तो आतून बाहेर आलेला असतो.

रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या किंवा गोव्यातल्या गाड्यांना हे लवकर होतं, कारण खाऱ्या हवेतलं मीठ गंजाचा वेग वाढवतं. काही गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा लेप असतो. जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे तिथे टवका बराच काळ तग धरतो. पण गाडीचा प्रत्येक पत्रा तसा असतोच असं नाही.

पावसाळ्यात टच-अप केलं तर चालेल?

टाळा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग किंवा लॅकर दुधासारखा पांढरट पडतो. शिवाय खड्ड्यात अडकलेलं पाणी रंगाखाली बंद होतं. कोकणात तर जून ते सप्टेंबर विचारही नको. जुलैत टवका उडालाच तर जागा पुसून, हेअर ड्रायरच्या कोमट वाऱ्याने सुकवून वर पारदर्शक टेपचा तुकडा किंवा वॅक्सचा जाड थर लावा आणि दिवाळीनंतर नीट करा. मेच्या मध्यापर्यंत गाडीभोवती एक फेरी मारून टवके बंद करणं सगळ्यात सोयीचं.

टूथपेस्ट, नेलपॉलिश, रॉकेल... घरगुती उपायांचं काय?

टूथपेस्टमध्ये बारीक घासक कण असतात, त्यामुळे अगदी वरवरचा ओरखडा फिका पडतो. पण ते कण रंगासाठी बनवलेले नसतात आणि गडद गाडीवर धुरकट डाग उरतो. त्यापेक्षा रबिंग कंपाउंडची छोटी ट्यूब आणा. नेलपॉलिश उन्हात पिवळं पडतं, छटा जुळत नाही आणि नंतर नीट टच-अप करताना ते काढण्यातच वेळ जातो. रॉकेलने डांबर निघतं, पण मागे तेलकट थर राहतो. साधं थिनर घरी केलेल्या किंवा गॅरेजच्या हलक्या रंगाला विरघळवू शकतं, म्हणून ते चोळू नका.

ओरखड्याची कसोटी नखाने करा. नख आडवं फिरवल्यावर अडकत नसेल तर ओरखडा लॅकरमध्येच आहे आणि रबिंगने जाईल. अडकत असेल तर तो खोल आहे, रबिंगने फक्त कडा गोल होतील. आणि दर सर्व्हिसला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेऊ नका. लॅकर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. दर रबिंगला त्यातला थोडा जातो, आणि ऊन थोपवणारा थर तोच आहे.

दाराला पोचा पडलाय, पण रंग कुठेही तुटलेला नाही. काय करावं?

ही आनंदाची परिस्थिती आहे, ती घालवू नका. अशा पोच्यासाठी रंग न मारता पोचा काढणारे कारागीर असतात, त्याला पीडीआर म्हणतात. दाराच्या आतून, काचेच्या फटीतून किंवा अस्तर काढून लांब वाकडी सळई आत घालतात आणि पत्रा मागून कणाकणाने वर ढकलतात. समोर दिव्याच्या पट्ट्या लावलेला फलक ठेवतात. पत्र्यात पडलेलं त्या पट्ट्यांचं प्रतिबिंब सरळ झालं की पत्रा सपाट झाला. मागून हात पोचत नसेल तिथे विशिष्ट गोंदाने खुंट्या चिकटवून बाहेरून ओढतात.

उथळ, गोलसर पोचा यात पूर्ण निघू शकतो. तीक्ष्ण घडी पडली असेल, पोचा दाराच्या अगदी कडेला किंवा उठावाच्या रेषेवर असेल तर निकाल अर्धवट राहतो. त्या जागी आधी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून रंग मारलेला असेल तर तो तडकतो, आणि चांगला कारागीर काम घेण्याआधीच हे सांगतो. ॲल्युमिनियमचं बोनेट असेल तर काम अधिक अवघड आणि महाग, कारण तो पत्रा पोलादासारखा मूळ आकाराकडे वळत नाही.

व्हिडिओत उकळतं पाणी ओतून पोचा काढतात, ते खरं आहे का?

बंपरच्या बाबतीत खरं आहे. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तापला की मऊ होतो. मागून हात घालून दाबलं तर बऱ्याचदा मूळ आकारात येतो. हातमोजे घाला आणि रंगाला आधीच तडे असतील तर ते वाढतील हे धरून चाला. पत्र्याच्या दारावर मात्र गरम पाणी, हेअर ड्रायर, बर्फ, उलटा धरलेला गॅसचा डबा यातलं काही भरवशाचं नाही. एकदम गरम, एकदम थंड केल्याने रंग तडकायची शक्यता मात्र असते.

बंपरचा रंग गेला, खालचं काळं प्लॅस्टिक दिसतंय. गंजणार का?

प्लॅस्टिक गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. पण बंपरच्या प्लॅस्टिकवर रंग सहजी धरत नाही. आधी प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर लागतो. तो न लावता केलेलं टच-अप नखाने सोलून निघतं.

डेंटर म्हणतो, ‘साहेब, अख्खं पॅनल मारून टाकू, एकदम नवं दिसेल.’ ऐकावं का?

टवके पाच-सात आणि बारीक असतील तर नम्रपणे नाही म्हणा. टच-अपच्या बाटलीला काही शे रुपये लागतात, पॅनलला काही हजार. ओरखडा हातभर लांब आणि पत्र्यापर्यंत गेला असेल, पोचा घडी पडलेला असेल किंवा गंज पसरला असेल तर मात्र पॅनल रंगवणंच योग्य.

तेव्हा चार गोष्टी आधी बोलून घ्या. ‘दादा, लांबी न भरता पत्रा किती सरळ होईल?’ हा पहिला प्रश्न. लांबी वाईट नसते, पण ती पत्र्याचे शेवटचे बारीक उंचसखल भरायला असते. पोचा तसाच ठेवून वर लांबीचा थर चढवला तर धक्क्यांनी आणि उन्हाने ती तडकते. दुसरं, रंग कोडप्रमाणे वजन करून मिसळणार की नजरेने? तिसरं, लॅकर हार्डनरवाला पीयू आहे का? चौथं, मेटॅलिक असेल तर शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत नेणार का? नाहीतर दोन दारांत फरक दिसतो. गाडी परत घेताना दिवसाउजेडी घ्या, ट्यूबलाइटखाली नाही. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पोलादी पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी जाड आहे.

हार्डनरवाला लॅकर घरी स्प्रेच्या डब्यातून मारायचा मोह टाळा. त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं श्वसनमार्गाला घातक असतात, कापडी मास्क त्यापुढे काहीच कामाचा नाही.

इन्शुरन्समधून करावं का?

एक-दोन टवक्यांसाठी किंवा एका पोच्यासाठी सहसा परवडत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १००० रुपये तुमचे, त्यावरच्या गाडीला २०००. साध्या पॉलिसीत रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर ही कपात वाचते. पण खरा तोटा नो क्लेम बोनसचा. तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवरची सूट असतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जातो, आणि एका क्लेमने नूतनीकरणाच्या वेळी शून्यावर येतो. बिलाचा अंदाज आणि गमावणार तो बोनस कागदावर शेजारी शेजारी लिहा, उत्तर मिळेल.

सिरॅमिक कोटिंग केलं तर टवके उडणार नाहीत ना?

उडतील. सिरॅमिकचा थर अतिशय पातळ असतो. पाणी आणि मळ धरू न देणं, चमक टिकवणं हे त्याचं काम, खडी अडवणं नाही. खडी अडवते ती पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची फिल्म. अख्ख्या गाडीला ती महाग पडते. महामार्गावर रोजचा प्रवास असेल तर बोनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरसे एवढ्यांनाच लावून घ्या. मडफ्लॅप लावा आणि खडीच्या डंपरमागे चिकटून चालवू नका.

पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके आलेत. एवढे सगळे टवके एकदम कसे पडले?

बहुधा टवके नाहीतच. बोट फिरवा. खड्डा नसून खरखरीत उंचवटा लागला तर ते बाहेरून येऊन रुतलेले लोखंडाचे कण आहेत, आणि गंजताहेत ते कण, तुमचा पत्रा नाही. ब्रेकच्या झिजेतून असे कण उडतात. लोकल लाइनीला लागून असलेल्या पार्किंगमध्ये किंवा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपजवळ उभ्या असणाऱ्या गाड्यांवर ते हमखास दिसतात. त्यांच्यावर टच-अप लावू नका. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण) फवारा, कण विरघळताना जांभळट ओघळ येतील, ते भरपूर पाण्याने धुवा. उरलेले ठिपके साबणाच्या पाण्यात क्ले बार (मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून निघतात. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या, त्याला चिकटलेली वाळू गाडीवर नवे ओरखडे काढेल.